दाव्यात मिळालेले सारेच आपले असते काय?

व्यवहारात फसवणूक झाली की दोन प्रश्न उभे राहतात. ज्याचे गेले त्याला ते परत कसे मिळावे, हा पहिला. परत मिळालेल्या रकमेत खरोखर त्याचे किती, हा दुसरा आणि अधिक सूक्ष्म. पहिल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालये आणि लोकपाल देतात. दुसऱ्याचे उत्तर माणसाला अल्लाहसमोर स्वतः द्यावे लागते. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डे आणि कर्जे यांच्या गळ्यात बांधलेल्या हप्ता-संरक्षण विम्याच्या प्रकरणाने हे दोन्ही प्रश्न लाखो घरांत नेले. त्या प्रकरणाकडे नैतिक दृष्टीने पाहणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

या विम्याला तेथे ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’ म्हणत. कार्डधारक आजारी पडला, त्याला अपघात झाला किंवा त्याची नोकरी गेली, तर विमा कंपनी ठरावीक काळ त्याच्या कार्डाचा हप्ता भरील, असे त्याचे स्वरूप होते. संकटात आधार देण्याची कल्पना मुळात वाईट नव्हती. वाईट होती ती विक्रीची रीत. थकबाकीच्या दर शंभर पौंडांमागे काही पेन्स दरमहा कार्डाच्या खात्यातच नावे टाकले जात. ते थकबाकीत मिसळले की त्यांवरही व्याज चढे. स्वयंरोजगार करणारे, सेवानिवृत्त, पूर्वीपासून आजारी असलेले अशा कितीतरी लोकांना विमा विकला गेला. परंतु अटींमुळे प्रसंगी त्यांना त्याचा लाभ मिळण्याची शक्यता फारच थोडी होती. विमा घेतला नाही तर कार्ड किंवा कर्ज मिळणार नाही, असे काहींना सांगण्यात आले. काहींना तर आपल्या खात्यावर असा विमा आहे, याचीही कल्पना नव्हती.

ग्राहकांना सल्ला देणाऱ्या ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या संस्थेने २००५ मध्ये या विक्रीविरुद्ध अधिकृत तक्रार केली. २०१० मध्ये नियामक संस्थेने तक्रारी हाताळण्याचे कडक नियम केले. बँकांनी त्या नियमांना न्यायालयात आव्हान दिले आणि २०११ मध्ये त्या हरल्या. दावा दाखल करण्याची अंतिम मुदत २९ ऑगस्ट २०१९ होती. ग्राहकांना परत मिळालेल्या एकूण रकमेचा आकडा ३८ अब्ज पौंडांहून अधिक झाला.

विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर येथे नैतिक संदिग्धता नाही. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले असल्याचे त्यांना आढळले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. त्या विक्रेत्याने तोंडाने एकही असत्य उच्चारले नव्हते; त्याची राशीची मांडणीच असत्य बोलत होती. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका विधवा अध्यापिकेच्या प्रकरणात हेच निराळ्या वेशात दिसले. कर्जाबरोबर तिने भरलेल्या विम्याच्या रकमेपैकी ७१.८ टक्के भाग निव्वळ दलालीचा होता आणि तिला ते सांगितले गेले नव्हते. हे मौन न्यायालयाने अन्यायकारक ठरवले. ओले धान्य कागदांच्या राशीखालीही लपवता येते, हाच याचा अर्थ.

आता पीडिताच्या बाजूकडे वळू. एखादा धर्मनिष्ठ मुस्लिम म्हणेल, ‘व्याजाचे कार्ड घेणे हीच माझी चूक होती, आता कोणत्या तोंडाने तक्रार करू?’ या संकोचात विनय आहे, पण न्याय नाही. एका चुकीबद्दल अल्लाहकडे क्षमा मागणे वेगळे आणि दुसऱ्याने केलेला जुल्म मुकाट सोसणे वेगळे. सूरह अल-बकराच्या २७९व्या आयतीत व्याज सोडून देणाऱ्या धनकोला त्याची मूळ रक्कम परत घेण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि तिचा शेवट दुहेरी आहे: अन्याय करू नये आणि अन्याय सोसावाही लागू नये. ही आयत धनकोला उद्देशून असली तरी तिच्यातले माप ऋणकोलाही लागू पडते. प्रेषितांकडे (स.) एका धनकोने कठोर शब्दांत मागणी केली, तेव्हा सहाबा संतापले. प्रेषितांनी (स.) त्यांना आवरले आणि ज्याचा हक आहे त्याला बोलण्याचाही अधिकार आहे, असे समजावले. तेव्हा रास्त दावा करणे हा लोभ नव्हे. बँकेकडे अन्यायाने राहिलेला पैसा तिथेच सोडून देण्याने धर्म वाढत नाही.

मात्र याच आयतीचा पहिला अर्धा भाग दावेदारालाही बांधतो. दाव्याच्या अर्जात प्रश्न असत: विमा सक्तीचा आहे असे तुम्हाला सांगितले होते काय? अटी समजावल्या होत्या काय? व्यवहार पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. बोलणे कुणाशी झाले, हेही कित्येकांच्या स्मरणात नव्हते. येथे पुढ्यातला रकाना भरण्याचा मोह होतो. कारण समोर धनाढ्य बँक आहे, तिने हजारोंना फसवले आहे, आणि आपल्या एका खुणेने तिचे काय बिघडणार? परंतु ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, अशी सूरह बनी इस्राईलची ताकीद आहे. समोरचा श्रीमंत किंवा अपराधी असल्याने खोटी साक्ष खरी होत नाही. ‘मला आठवत नाही’ हेही एक प्रामाणिक उत्तर आहे, आणि मोमिनाला ते लिहिता आले पाहिजे.

विशेष म्हणजे असे उत्तर देणारा रिकाम्या हाताने परतेलच असे नव्हते. त्या अध्यापिकेच्या निकालानंतर नियामकाने २०१७ पासून नियम केला की लपवलेली दलाली निम्म्याहून अधिक असेल, तर विमा समजून-उमजून घेतलेल्यालाही त्यावरचा भाग परत मिळावा. सत्य सांगणाऱ्याचाही काही हक शिल्लक होता. फक्त तो खोटे बोलणाऱ्याच्या मागणीहून लहान होता. नैतिकतेची खरी परीक्षा नेमकी या दोन रकमांमधल्या अंतरात होते.

कोणी म्हणेल, निकाल लागला, पैसे मिळाले, आता शंका कशाला? उम्मे सलमा (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये याचे उत्तर आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले की आपण मनुष्य आहोत, वादी-प्रतिवादींपैकी एखादा अधिक वाक्पटू असू शकतो आणि ऐकले त्यावरून आपण निवाडा देतो, पण अशा निवाड्याने कुणाला बंधूचा हक मिळाला, तर तो अग्नीचा तुकडा होय. साक्षात प्रेषितांचा (स.) निवाडा पराया पैसा हलाल करीत नसेल, तर लोकपालाचे पत्र तो कसा करील? निकालाने वाद मिटतो, हिशेब मिटत नाही.

म्हणून मिळालेल्या धनादेशाचे भाग करून पाहावेत. भरलेले विम्याचे हप्ते आणि त्यांवर बँकेने लावलेले व्याज हे दावेदाराच्याच खिशातून गेले होते. ते परत घेण्यात संकोच नसावा. या रकमेला जितका काळ मुकावे लागले, त्यासाठी ८ टक्के दराने साधे व्याज दिले जाई. त्याकडे दोन प्रकारे पाहता येते. ते कर्जाच्या कराराने ठरलेले नसल्यामुळे कुणी त्याला नुकसानभरपाई म्हणेल. परंतु ते काळाच्या मापाने मोजलेले आहे आणि त्याचे नावही व्याज आहे. हलाल स्पष्ट, हराम स्पष्ट आणि मधल्या संशयास्पद गोष्टींपासून दूर राहणाराच सुरक्षित, हे प्रेषितवचन ज्यांना जवळचे वाटते, त्यांनी तो भाग पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावा. आणि असत्य विधानामुळे जास्तीचे काही पदरात पडले असेल, तर दानाने ते शुद्ध होत नाही. ज्याचे त्याला परत करणे हाच त्यावरचा मार्ग आहे.

आपल्याकडेही कर्जासोबत न मागितलेला विमा दिल्याच्या तक्रारी ऐकू येतात. अशा वेळी प्रथम त्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी आणि दाद न मिळाल्यास लोकपालाकडे जावे. कागद जपून ठेवावेत आणि सही करण्यापूर्वी वाचावेत. हा हक बजावताना सूरह अल-मुतफ्फिफीन स्मरणात असावी. घेताना माप पुरेपूर भरून घेणारे आणि देताना कमी देणारे यांचा तिच्यात धिक्कार आहे. बँकेचा तराजू खोटा होता, हे सिद्ध करायला निघालेल्या माणसाने आधी आपला तराजू सरळ धरावा. अल्लाह आपणा सर्वांना आपला हक मागण्याचे धैर्य देवो आणि दुसऱ्याचा हक ओळखण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.