तकदीरची सबब

मुलीला शाळेतून काढले की आपण म्हणतो, ‘तिच्या नशिबात नव्हते.’ पण कोणी आपले पैसे बुडवले, तर तकदीर म्हणून आपण गप्प बसतो काय? त्याला जाब विचारतोच. म्हणजे माणूस आपल्या कृत्याला जबाबदार आहे, हे आपण मनोमन जाणतो.

हिजरी 18 च्या सुमारास ह. उमर (रजि.) शामकडे निघाले असता सर्ग येथे प्लेगची वार्ता आली. सल्लामसलतीनंतर त्यांनी परतण्याचे ठरवले. सेनापती ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? ह. उमर उत्तरले की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड असली, तर उंट कोठेही चारले तरी ते अल्लाहच्याच तकदीरने. मग ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी हदीस सांगितली: साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असल्यास पळून निघू नये. ह. उमर परतले. ह. अबू उबैदा शाममध्येच राहिले व त्याच साथीत निवर्तले.

पुढे इमाम अशअरींनी मांडले की, कृतीचा निर्माता अल्लाह, पण ती कमावणारा माणूस. मला तर उंटांचा दाखलाच पुरेसा वाटतो. तकदीरमध्ये काय लिहिले आहे, हे सर्ग येथे ह. उमरनाही ठाऊक नव्हते. पुढे साथ आहे, एवढेच ठाऊक होते.