सबंध वर्ष सांगावे

नाताळचा आठवडा ज्यांनी आखला, त्यांना माणसांची घरे आतून ठाऊक असली पाहिजेत. 25 डिसेंबरला बाळाचा जन्म होतो, घंटा वाजतात, गोठ्याभोवती मुलांची झुंबड उडते. दुसऱ्याच दिवशी चर्चमध्ये संत स्तेफनाचे स्मरण होते. ख्रिस्तासाठी दगडांचा मार खाऊन मेलेला हा पहिला हुतात्मा. मग 28 तारखेला, हेरोद राजाने मारवलेल्या बेथलेहेमच्या बालकांचा दिवस येतो. गोठा हललेला नसतो, दारातला तारा रात्री तसाच उजळतो, आणि वेदीपाशी उभ्या असलेल्या फादरांच्या अंगावर मात्र हौतात्म्याचे लाल वस्त्र असते. आनंदाचा भर ओसरेपर्यंत दुःखाला थोपवून धरावे, असे या पंचांगाला वाटलेले नाही.

वसईच्या ख्रिस्ती घरांत वर्षाकडे मागे वळून पाहण्याचे दिवसही हेच. कामासाठी लांब गेलेली माणसे परततात, करंज्या आणि कलकले करताना बायका तासन्‌तास एकत्र बसतात, आणि 31 तारखेला संध्याकाळी चर्चमध्ये सरत्या वर्षाची उपकारस्तुती होते. प्रश्न असा, की उपकार कशाचे मानायचे? चांगल्या घडलेल्या गोष्टींचे, की घडले तसे सबंध वर्षाचे?

यंदा हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला आहे. भर पावसाळ्यात वडील गेले. वाडीतली राजेळी केळी, पानवेल आणि विहीर यांतच त्यांचा जन्म गेला. पुढे सभोवती इमारती उठल्या, जमिनीतून पाण्याचा उपसा वाढला आणि विहीर मचूळ झाली. तरी अखेरपर्यंत रोज सकाळी ते तिच्या काठावर जाऊन पाणी चाखून पाहत. ते गेल्यावर थोड्याच महिन्यांनी धाकट्या भावाला मुलगी झाली. तेव्हापासून घरात येणारे प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलते : एक गेले, एक आले, देवाने भरपाई केली.

बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. त्याला आमचे दुःख बघवत नाही म्हणून तो ते लवकर मिटवू पाहतो. पण या वाक्यामागे वर्षाकडे बघण्याची एक रीत आहे आणि ती मला मान्य नाही. जमाखर्चाच्या वहीसारखे वर्ष मांडायचे, डावीकडे सुख, उजवीकडे दुःख, आणि खाली शिल्लक काढायची. शिल्लक सुखाची निघाली की वर्ष चांगले. पैशाचा हिशेब असा होतो, कारण एक रुपया दुसऱ्या रुपयाची जागा घेऊ शकतो. माणसे तशी नसतात. माझी पुतणी वडिलांची जागा भरून काढायला आलेली नाही. ती स्वतःची जागा घेऊन आली आहे. तिला भरपाई म्हटले, की दोघांवर अन्याय होतो. वडील परतफेड होण्याजोगे ठरतात, आणि त्या तान्ह्या जिवावर आपण न घेतलेल्या कर्जाचा बोजा चढतो. उद्या ती रडकी निघाली, आजारी पडली किंवा आजोबांसारखी शांत नसली, तर घराची फसवणूक झाली असे मानायचे का?

वर्षातले फक्त सुख सांगण्याची दुसरी रीतही आता सर्वत्र रुळली आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये अनेक कुटुंबे नाताळला नातलगांना वर्षभराच्या हकिकतीचे पत्र पाठवतात. मुलाची पदवी, नवे घर, प्रवास यांना त्यात पुष्कळ जागा असते. गेलेली नोकरी किंवा मोडलेले लग्न मात्र एखाद्या ओळीत उरकते. आपण पत्रे लिहीत नाही, पण डिसेंबरअखेर व्हॉट्सॲपवर फिरणारी कुटुंबाची छायाचित्रे हेच काम करतात.

व्यापारी तत्त्वावर छापलेले नाताळचे पहिले शुभेच्छापत्र म्हणून जे ओळखले जाते, त्याचे चित्र मात्र निराळे आहे. ते 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतले. मध्यभागी पेले उंचावणारे, लहानथोरांनी भरलेले एक कुटुंब आहे. त्याच्या एका बाजूला भुकेल्यांना अन्न दिले जात आहे, दुसऱ्या बाजूला उघड्यांना वस्त्र. त्याच डिसेंबरात चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथा प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातही सणाच्या जेवणाला एका गरीब घरातल्या आजारी मुलाची काळजी येऊन बसते. सुखाच्या शेजारी अभाव दाखवला म्हणून सण बिघडेल, अशी भीती त्या काळच्या लोकांना वाटली नसावी.

यावर कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी रडगाणे कशाला? वर्षभर रडलोच आहोत, एक दिवस तरी हसू द्या. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दुखवट्याच्या घरांना ते अधिक लागू आहे. आपल्याकडे माणूस गेल्याच्या वर्षी सण करत नाहीत. हिंदू घरांत दिवाळीला शेजारी आणि नातलग फराळाची ताटे आणून देतात. आमच्याकडेही यंदा करंज्या शेजारून येतील. ही रीत मला मोलाची वाटते, कारण शोक करणाऱ्या घराला ती एकटे सोडत नाही. पण तिची दुसरी बाजू मी यंदा जवळून पाहिली. भावाच्या बायकोने आपला आनंद कित्येक दिवस दाबून धरला. बाळाला खेळवताना खुदकन हसू आले, की ती आधी आईकडे पाही. पहिलटकरणीच्या आयुष्यातले हे दिवस पुन्हा यायचे नव्हते. शेवटी आईच तिला म्हणाली, “अगं, हास. बाबा असते तर त्यांनीच वाडीभर सांगत फिरायला कमी केलं नसतं.” त्या दिवशी मला कळले, की घरात जशी दुःखाला जागा लागते, तशी सुखालाही परवानगी लागते. दोहोंपैकी एकाची गळचेपी झाली, की दुसरेही मोकळेपणाने श्वास घेत नाही.

मराठीत सुख आणि दुःख दोहोंना अशी जागा ज्यांनी देऊन दाखवली, त्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. 1895 मध्ये त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची शकले झाली. काही वर्षांची ताटातूट, आप्तांचा रोष, पैशाची ओढाताण, पुढे त्यांचाही धर्मप्रवेश आणि 1919 मध्ये टिळकांचा मृत्यू. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे आहे, आणि त्याच पानांवर हसू आवरत नाही असे प्रसंगही आहेत. लक्ष्मीबाई दुःखाला सुखाची किंमत म्हणून मांडत नाहीत, की हसून ते हलकेही करत नाहीत. जसे आले तसे सांगतात. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते, ते त्यांनी पुरे केले. गेलेल्या माणसाची जागा भरता येत नाही, पण त्याचे काम हाती घेता येते, हा भरपाईहून कितीतरी खरा दिलासा आहे. आमच्या वाडीतली केळी यंदा आई आणि भाऊ राखत आहेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानात बालकांच्या हत्येनंतर राहेलीचे स्मरण येते. मुले गेल्यामुळे आकांत करणारी, सांत्वन नाकारणारी ती आई. नाताळच्या कथेत तिला कोणी गप्प बसवत नाही. आणि 1 जानेवारीला चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या लूकच्या उताऱ्यात मरिया आहे. मेंढपाळ येऊन गेल्यावर तिने या साऱ्या गोष्टी मनात जपून ठेवल्या आणि त्यांवर ती चिंतन करीत राहिली, असे तिथे म्हटले आहे. परक्या गावी झालेले बाळंतपण आणि गोठ्यात आलेले पाहुणे, काय सुख आणि काय हाल, याची वर्गवारी तिने केली नाही. सगळे जवळ ठेवले. वर्षाकडे मागे वळून पाहण्याची याहून प्रामाणिक रीत मला दिसत नाही.

म्हणून यंदा जेवायला बसल्यावर प्रत्येकाने आपले वर्ष सबंध सांगावे, अशी माझी इच्छा आहे. आईने वडिलांचे शेवटचे दिवस सांगावेत आणि कोणी तिला नातीकडे बघ म्हणून थांबवू नये. वहिनीने बाळाचे कौतुक सांगावे आणि कोणाकडे चोरून पाहू नये. भावाने विहिरीची काळजी बोलून दाखवावी. मग आम्ही उपकारस्तुतीला जाऊ. चांगल्या वाट्याचे आभार मानणे सोपे आहे. जे वर्ष आपण एकमेकांच्या सोबतीने निभावून नेले, त्या सबंध वर्षाचे आभार मानायला धीर लागतो, आणि तो धीर कुटुंबातच मिळतो.