बिल आणि पैसा यांच्यामधला काळ

लघुउद्योगाविषयीच्या मराठी लेखनात उद्योजकाची जिद्द, त्याला सुचलेली कल्पना आणि त्याने पत्करलेला धोका यांना मोठे स्थान असते, आणि ते नसेल तेव्हा ‘मराठी माणूस धंद्यात मागे का’ हा पिढ्यान्‌पिढ्या चघळलेला प्रश्न पुन्हा एकदा चघळला जातो. या दोन्ही प्रकारांत एक रुक्ष बाब निसटते. सुरू झालेला लहान कारखाना टिकेल की नाही हे मालाचा दर्जा आणि मालकाचे कष्ट यांवर जेवढे अवलंबून असते तेवढेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, माल पोचता झाल्याचा दिवस आणि त्याचे पैसे खात्यावर जमा झाल्याचा दिवस यांच्यातल्या अंतरावर अवलंबून असते. आणि हे अंतर ठरवण्याचा अधिकार बहुधा उद्योजकाकडे नसतो.

उद्योगात गुंतणारा पैसा दोन प्रकारचा असतो. जागा, शेड, लेथ किंवा सीएनसी यंत्र यांत रुतणारे ते स्थिर भांडवल. आणि कच्चा माल, पगार, वीजबिल, तयार माल व येणे उधारी यांतून फिरत पुन्हा रोख रूपात परतणारे ते खेळते भांडवल. नव्या उद्योजकाचा प्रकल्प अहवाल पहिल्याबाबत काटेकोर असतो, कारण त्याला कोटेशनचा आधार असतो आणि बँकेलाही यंत्र तारण म्हणून डोळ्यांना दिसते. दुसऱ्याचा आकडा मात्र ठोकताळ्याने भरला जातो. हा ठोकताळा अगदीच निराधार नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या पी. आर. नायक समितीने १९९२ मध्ये असे सुचवले की लघुउद्योगाची खेळत्या भांडवलाची गरज अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के धरावी आणि त्यांपैकी २० टक्के बँकेने, तर ५ टक्के उद्योजकाने उभे करावेत. २५ टक्के म्हणजे तीन महिन्यांची विक्री. अर्थात कच्चा माल आणल्यापासून विक्रीचे पैसे मिळेपर्यंतचे सगळे चक्र तीन महिन्यांत पुरे होईल, हे या सूत्रातले गृहीत आहे.

भोसरी, सातपूर किंवा शिरोली यांसारख्या औद्योगिक वसाहतीतला एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना नमुन्यादाखल घेतला तर या गृहीताचे काय होते ते दिसते. त्याची मासिक विक्री १० लाख रुपये, व्याज सोडून सर्व खर्च ९ लाख आणि नफा १ लाख आहे असे मानले, तर सूत्रानुसार त्याची गरज ३० लाखांची ठरते. ग्राहक कंपनी बिलाचे पैसे ९० दिवसांनी देत असेल, तर कोणत्याही दिवशी ३० लाखांची बिले बाहेर थकलेली असतात, म्हणजे सूत्राने मंजूर केलेली सगळी रक्कम एकट्या उधारीनेच गिळलेली असते; गोदामातल्या पोलादासाठी आणि यंत्रावर चढलेल्या अर्धवट मालासाठी काहीच उरत नाही. आता हीच कंपनी खूश होऊन ऑर्डर दीडपट करते. मासिक नफा दीड लाखावर जातो, पण उधारीत अडकलेला स्वतःचा खर्च २७ लाखांवरून ४०.५ लाखांवर चढतो, आणि ही साडेतेरा लाखांची तफावत भरून काढायला नऊ महिन्यांचा सगळा वाढीव नफाही नव्हे, तर सगळाच्या सगळा नफा लागतो. ऑर्डर वाढल्यामुळे कारखाना अडचणीत येतो हे विधान ऐकायला विचित्र वाटते, पण वसाहतीतल्या कोणत्याही जुन्या मालकाला ते समजावून सांगावे लागत नाही.

वस्तू व सेवा कराने या तिढ्यात आपली भर घातली आहे. कर बिल काढल्यावर देय होतो, पैसे मिळाल्यावर नाही. त्यामुळे ग्राहकाने अजून न दिलेला कर पुरवठादाराला पुढच्या महिन्यात सरकारजमा करावा लागतो. हिशेबशास्त्राच्या रीतीनुसार नफाही बिल निघताच नोंदला जातो, आणि म्हणून ताळेबंद नफ्याचा व बँकेतले खाते रिकामे, अशी स्थिती निर्माण होते. तोट्यातला धंदा घरच्या पैशावर काही काळ रेटता येतो. नफ्यातला पण रोकड नसलेला धंदा पगाराच्या तारखेला थांबतो.

या सर्व व्यवहाराकडे उलट बाजूने पाहिले तर त्याचे खरे स्वरूप कळते. बँकेकडून व्याजाने पैसे उचलून लहान पुरवठादार मोठ्या कंपनीला तीन महिने बिनव्याजी वापरायला देतो. म्हणजे ज्याची पत कमी तो ज्याची पत जास्त त्याचा सावकार बनतो, आणि तोही व्याज मागण्याची सोय नसलेला. मोठ्या कंपनीला बँकेकडून स्वस्त दराने कर्ज मिळू शकत असताना ती असे का करते, याचे उत्तर साधे आहे: पुरवठादाराची उधारी त्याहूनही स्वस्त, म्हणजे फुकट, पडते. शिवाय मुदत मोजण्याची सुरुवात कुठून करायची हेही तीच ठरवते. माल फाटकातून आत गेल्यावर तपासणी होऊन ‘जीआरएन’ म्हणजे माल मिळाल्याची नोंद निघेपर्यंत आठवडा जाऊ शकतो, आणि काही नग नाकारले गेले तर डेबिट नोटेचा घोळ मिटेपर्यंत सबंध बिल अडून राहू शकते.

कायद्याला हे माहीत नव्हते असे नाही. विलंबित देयकांवर व्याज लावणारा स्वतंत्र कायदा १९९३ मध्येच झाला होता, आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने तो आपल्यात सामावून घेतला. सूक्ष्म व लघु पुरवठादाराशी लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस मानला जातो. आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी राज्यांत ‘फॅसिलिटेशन कौन्सिल’ नेमल्या गेल्या, आणि कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरली पाहिजे अशीही तरतूद आहे. कागदावर याहून कडक कायदा क्वचितच सापडेल.

त्याची दुबळी जागा एकच आहे, पण ती पायातच आहे: तक्रार पुरवठादाराने करायची आहे. ज्याची निम्मी किंवा त्याहून अधिक विक्री एकाच कंपनीला होते त्याने तिच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे पुढची ऑर्डर सोडून देणे, त्यामुळे तक्रारी बहुतेक वेळा संबंध तुटल्यावर, म्हणजे बुडीत वसुलीसाठी होतात. हा हक्क चालू धंद्यात वापरता येत नाही. धंदा संपल्यावर तो उपयोगी पडतो.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात ४३ब (ज) ही तरतूद घालून या दुबळ्या जागेवर नेमके बोट ठेवले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे कायदेशीर मुदतीत दिले नाही, तर ते प्रत्यक्ष दिले जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा करता येईल, असा तिचा आशय आहे. यात पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. खरेदीदाराचा लेखापरीक्षकच ते काम करतो, आणि ही युक्ती चतुर आहे हे मान्य केले पाहिजे. पण तिचाही धाक वर्षअखेरीपुरताच आहे, कारण जूनमधले बिल मार्चमध्ये, म्हणजे त्याच आर्थिक वर्षात, दिले गेले तर नऊ महिन्यांच्या विलंबानंतरही वजावट जात नाही. खरेदीदार लहान उद्योगांकडून माल घेणेच टाळतील, ही व्यापारी संघटनांनी व्यक्त केलेली भीतीही पूर्णपणे झटकून टाकण्याजोगी नाही. मध्यम उद्योग या तरतुदीत येत नाहीत.

कायद्याच्या धाकाखेरीज दुसरा मार्ग जुन्या व्यापारी पेठांना परिचित होता. मुदती हुंडी हाती असलेला व्यापारी मुदत भरण्याची वाट न पाहता ती सराफाकडे थोड्या कमी रकमेला वटवत असे, आणि ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती सकारली असेल तर सराफ निर्धास्त असे. रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांतून उभ्या राहिलेल्या आणि २०१७ पासून चालू झालेल्या ‘ट्रेड्स’ या संगणकीय मंचांची रचना तत्त्वतः तीच आहे: खरेदीदाराने मान्य केलेले बिल मंचावर येते, बँका त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात, आणि व्याजदर खरेदीदाराच्या पतीनुसार ठरतो. खरेदीदाराने पैसे बुडवले तरी त्याचा भार पुरवठादारावर येत नाही. ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना २०१८ मध्ये, आणि २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना २०२४ च्या अधिसूचनेने या मंचावर नोंदणी सक्तीची झाली. परंतु सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही.

या फासात मुळातच न अडकण्याचा निर्णय घेणारे उद्योगही आहेत. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या व्यवस्थेत लाटणाऱ्या भगिनींना मजुरी रोजच्या रोज मिळते. माल घरोघरी खपणारा, चक्र दिवसांत मोजावे असे, म्हणून हे जमते. गिअरबॉक्सच्या भागाला घरोघरी गिऱ्हाईक नसते. तरीही उद्योग निवडतानाच ‘ग्राहक कोण’ याबरोबर ‘तो पैसे कधी देतो’ हे विचारायला हवे, आणि उद्योजकता विकासाच्या वर्गांत हा प्रश्न विपणनाच्या तासाला नव्हे तर पहिल्याच दिवशी यायला हवा.

विलंबाची साखळी मात्र लहान कारखान्यापाशी थांबत नाही. ९० दिवसांनी पैसे मिळणारा मालक प्लेटिंगवाल्याला, ग्राइंडिंगचे जॉबवर्क करणाऱ्याला आणि टेम्पोवाल्याला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे सांगतो. वरून आलेला उशीर तो तसाच खाली ढकलतो, आणि त्याच्याखालच्या माणसाकडे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा नसल्याने तो भिशी उचलतो किंवा पतपेढीचे दार ठोठावतो. कायद्याच्या दृष्टीने हा मालकही खरेदीदारच आहे, आणि प्लेटिंगवाल्याने सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेली असेल तर ४५ दिवसांची मर्यादा त्यालाही लागू होते. त्याचे स्वतःचे पैसे अडवून ठेवणाऱ्या कंपनीविरुद्ध तो गप्प बसतो, आणि मार्चअखेरीस स्वतःची वजावट वाचवण्यासाठी प्लेटिंगवाल्याचे पैसे मात्र त्याला कर्ज काढून भागवावे लागतात.