जाड पडदे लावताना

पुण्यातला कर्वे रस्ता, सातारा रस्ता, सिंहगड रस्ता. या रस्त्यांच्या कडेला ज्यांची घरं आहेत, त्यांना सकाळी गजराची फारशी गरज पडत नाही. पहाटेची पीएमपी बस, दुधाचा टेम्पो, पाठोपाठ शाळेच्या व्हॅनचा हॉर्न. अशा घरांत आवाज अडवणारे जाड पडदे लावून घ्यायचा विचार कधी ना कधी होतोच. कुणाची बारावी असते, कुणी रात्रपाळी करून सकाळी झोपणारं असतं, कुणी आजारपणातून उठलेलं असतं. त्यांच्या झोपेसाठी घरातले बाकीचे हा खर्च करतात. मला त्यात फार माया दिसते.

पडदे शिवायला टाकताना थोडं पाहून घ्यावं. कापड जड हवं, मागून अस्तर हवं. खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतलं की चुण्या दाट पडतात. पडदा वरून पार फरशीपर्यंत यावा आणि दोन्ही बाजूंना वीतभर जास्त असावा. पण त्याआधी खिडकीकडे बघावं. जिथून हवा आत शिरते, तिथून आवाजही शिरतो. सरकत्या खिडकीच्या कडेला फट राहिली, तर पडदा कितीही भारी घ्या, हॉर्न ऐकू येणारच. म्हणून आधी झिजलेली रबराची पट्टी बदलावी, फटी बुजवाव्या. खर्च थोडा, उपयोग मोठा. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या ढोलाचा ठोका मात्र भिंतीतूनही येतो. तिथे पडद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मग पडद्यानं होतं काय? खोलीतलं घुमणं कमी होतं. फरशी, काच, गुळगुळीत भिंत यांच्यावर आपटून आवाज परत येतो. जाड कापड तो बराचसा शोषून घेतं. कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात. टीव्ही थोडा हळू ठेवला तरी आजोबांना बातम्या नीट ऐकू येतात. एकमेकांशी बोलताना स्वर चढवावा लागत नाही. बाहेरचा गोंगाट अडवायला आणलेलं कापड आधी आपल्याच घरातला आवाज उतरवतं! मला पडद्याचं हे काम जास्त मोलाचं वाटतं. कारण आपण ज्याला ‘बाहेरचा आवाज’ म्हणतो, त्यात शेजाऱ्यांच्या दृष्टीनं आपणही असतो. गॅलरीत उभं राहून मोठ्यानं केलेला फोन, जिन्यातल्या गप्पा, रात्री फरशीवरून ओढलेली खुर्ची, हे सगळं कुणाच्या तरी खोलीत पोचतं. खुर्चीच्या पायांना रबरी बुचं बसवायला पाच मिनिटं पुरतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंना त्या दिवसापासून शांत झोप लागते, आणि कशामुळे ते त्यांना कळतही नाही.

सरकारी नियम आहेतच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रीच्या त्या वेळेत, आणीबाणीचा प्रसंग सोडला तर, निवासी भागात हॉर्न वाजवायला मनाई आहे. पण सकाळी सातला सोसायटीच्या फाटकाशी कुणाला बोलवायला वाजवलेला हॉर्न रात्रीच्या त्या मनाईत येत नाही. तिथे आपली समजूतच कामाला येते, आणि ती आपल्या सगळ्यांकडे असते. घाईत तेवढी आठवत नाही. आज कामावर जाताना कुणाला न्यायला त्याच्या इमारतीखाली थांबाल, तेव्हा हॉर्नऐवजी एक फोन करा.