आधी खांदा, मग शिंगं

🙏 ॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

*गुरुवारचे चिंतन*



दसरा जवळ आला. खंडेनवमीला निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव, सगळीकडं दारादारात गाड्या धुऊन-पुसून उभ्या राहतील. हार, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फोडायचा, पेढे वाटायचे आणि गाडी काढायची. म्हणून आजचं चिंतन मोटारसायकलवर आहे. कुणी हसू नये. ही माझीच गोष्ट आहे, आणि सांगताना आजही मान खाली जाते.

काही वर्षांमागं खंडेनवमीला मी गाडी सजवून मठात गेलो. झेंडूचा एवढा मोठा हार घातलेला. म्हटलं, “महाराज, गाडीला तुमचा हात लागू दे.” गुरुमाऊली बाहेर आले. हाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं,

“काय रं, बेंदराला बैलाची शिंगं आधी रंगवतोस, का खांदा आधी मळतोस?”

“आदल्या दिवशी खांदेमळणी महाराज. शिंगं दुसऱ्या दिवशी.”

“मग हिचा खांदा बघितलास का?”

मी हसलो. चारचौघंही हसले. महाराज हसले नाहीत. कुंकू लावलं आणि आत गेले.

सद्भक्तहो, आपल्या सीमाभागात ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर असतो. आदल्या सांजेला आमचे आजोबा बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळायचे. चोळता चोळता अंगठा दाबून बघायचे, जू घासून कुठं सोललंय का, सुजलंय का. बैलानं अंग चोरलं की त्याला गाडीला जुंपायचं नाही, मग कितीही काम असू दे. गाडीवर तंबाखू भरून निपाणीच्या बाजारात निघायचं असलं, तर आखाला वंगण, चाकाची खीळ, जुवाची दोरी बघितल्याशिवाय ते कासरा हातात घेत नसत. त्याला कुणी तपासणी म्हणत नव्हतं. तीच पूजा होती. मी त्यातली फक्त शिंगं रंगवायची तेवढी उचलली.

दसरा झाला. आठ दिवसांनी अश्विन वद्यात पंतबाळेकुंद्रीला श्रीपंत महाराजांचा पुण्यतिथी उत्सव. मंडळी मागं बसली आणि आम्ही गेलो. आमराईत दर्शन झालं, प्रसाद झाला, भजन ऐकता ऐकता उशीर झाला. परत येताना तवंदी घाट उतरायला लागलो तेव्हा दिवस मावळला होता. उतार लांब, मागनं ट्रक, पुढं ट्रक. वळणाच्या आधी मागचा ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला. गाडी तशीच. पुढचा दाबला, तर केबल इतकी सैल की दांडी मुठीला टेकली. मंडळी मागनं म्हणतात, “हळू घ्या की ओ!” त्यांना काय सांगू? तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडत होतं, मी “दत्त दत्त” ओरडत होतो. स्तवनिधीच्या अलीकडं गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली. प्रसादाचा नारळ पिशवीतनं सुटून रस्त्यावर घरंगळत गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत ट्रकच्या चाकाखाली फुटला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीनं चाक खोलून दाखवलं. “अण्णा, ब्रेक शू पार संपलंय. हे आठ दिवसांत झिजत न्हाई.” म्हणजे ज्या दिवशी मी हार घातला, त्या दिवशीही ते संपलेलंच होतं. त्याच चाकाखाली मी लिंबू ठेवलं होतं.

मठात जाऊन महाराजांना सगळं सांगितलं. म्हटलं, “देव होता म्हणून वाचलो.”

महाराज म्हणाले, “देव होताच. तू कुठं होतास?”

बंधूंनो, त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. हाताची पूजा झाली होती, डोळ्यांची झाली नव्हती. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलंय, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी. सारथी झोपला तर रथाला कितीही फुलं बांधा, उपयोग काय? आणि त्या रथात आपण एकटे नसतो. मागं घरची लक्ष्मी असते, पोरगं असतं. रस्त्यानं चालणारं दुसऱ्याचं लेकरू असतं. आपल्या आळसाचं माप त्यांच्या पदरात का घालायचं?

महाराजांनी तेव्हा मला एक नेम दिला. *हाताला पाच बोटं, निघण्याआधी पाच स्पर्श, प्रत्येक स्पर्शाला एक नाम.* दोन मिनिटं लागतात.

*१. टायर* – खिळा, चीर, झीज बघा. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदलायचा. हवा अंगठ्यानं कळत नाही. आठवड्याला एकदा टायर थंड असताना पंपावर मोजून घ्या.

*२. ब्रेक* – गाडी दोन पावलं ढकलून आधी पुढचा, मग मागचा, वेगवेगळा दाबून बघा. ड्रम ब्रेकला झीज दाखवणारा बाण असतो, तो मेस्त्रीकडनं एकदा समजून घ्या.

*३. चेन* – कोरडी आहे का, लोंबतेय का. मागच्या चाकाची साडीची जाळी जागेवर आहे का. माता-भगिनींचा पदर चाकात जायला एक क्षण पुरतो.

*४. दिवे आणि हॉर्न* – ब्रेक दाबून मागं तळहात धरा, उजेड पडला पाहिजे. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. आपल्याला दिसलं पाहिजे आणि आपणही दुसऱ्याला दिसलो पाहिजे.

*५. हँडल आणि तेल* – हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा. मूठ पिळून सोडली की आपोआप मागं आली पाहिजे. तेल बघा, खाली ठिपका पडलाय का बघा, आणि साइड स्टँड वर घ्या.

पाच झाले की हात स्वतःच्या छातीवर ठेवा. भांडून निघालोय का? झोप राहिलीय का? घोट घेतलाय का? तसं असेल तर किल्ली परत खुंटीला. सगळं ठीक असेल तर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट डोक्याला, पट्टा बांधून. मागच्यालाही. आणि मागं एकच माणूस. देवाला जाताना तिघं बसलं तर चालतं, असं कायद्यातही नाही आणि शास्त्रातही नाही.

येत्या खंडेनवमीला हार जरूर घाला. पण आदल्या सांजेला खांदेमळणी करा. पोराला शेजारी घ्या, त्याच्या हातानं ब्रेक दाबून बघायला लावा. आजोबांनी आम्हाला असंच शिकवलं होतं, मधे आम्हीच विसरलो.

*या आठवड्याचा नेम:* रोज किल्ली लावण्याआधी पाच स्पर्श, पाच नामं. पुढच्या गुरुवारी सत्संगाला गाडीवरनं येणाऱ्या प्रत्येकानं, आपल्या गाडीत काय दोष सापडला आणि तो दुरुस्त केला का, एवढं सांगावं. लाजू नये. मी सगळ्यात आधी सांगीन.

सर्वांचा प्रवास सुखरूप होवो, ही श्रीचरणी प्रार्थना.

🌺 अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🌺

_(घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवावे.)_