गावाचा संघ

विश्रामबाग, सांगली

चि. मुक्ता हिला मामाचे अनेक आशीर्वाद.

जगात बास्केटबॉलच्या लीग कुठे कुठे आहेत आणि आपण कुठल्या संघाच्या बाजूनं असावं, असं तू विचारलं आहेस. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात देतो. अमेरिकेत पुरुषांच्या एनबीएत तीस संघ आहेत आणि बायकांची डब्ल्यूएनबीए १९९७ पासून खेळली जाते. युरोपात प्रत्येक देशाची आपली लीग आहे, आणि निवडक मोठे क्लब वर युरोलीगमध्ये एकमेकांशी भिडतात. जपान, चीन, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स इथंही पैसे देऊन खेळाडू खेळवणाऱ्या लीग आहेत. यादी तुला कुठेही मिळेल. दुसरा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

लिथुआनिया नावाचा एक देश आहे. सगळ्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. त्यातलं कौनास हे शहर सुमारे तीन लाख वस्तीचं. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडची वस्ती २०११ च्या जनगणनेतच पाच लाखांवर होती. या कौनासमध्ये १९४४ पासून झालगिरिस नावाचा क्लब आहे आणि तो माद्रिद, इस्तंबूल, अथेन्ससारख्या महानगरांच्या संघांशी बरोबरीनं खेळतो. १९९९ साली त्यानं युरोलीग जिंकली. लिथुआनिया सोव्हिएत संघात होता, तेव्हा १९८५ ते १९८७ अशी लागोपाठ तीन वर्षं या क्लबनं मॉस्कोच्या लष्करी संघाला मागं टाकून सोव्हिएत विजेतेपद मिळवलं. त्या संघाचा आधारस्तंभ होता अर्विदास साबोनिस. त्याचा जन्म कौनासचाच. १९८६ मध्ये एनबीएच्या पोर्टलँड संघानं त्याची निवड केली होती, पण प्रत्यक्ष एनबीएत खेळायला त्याला १९९५ उजाडलं. तोवर तिशी गाठली होती आणि पाय दुखापतींनी कुरतडले होते.

त्याचा मुलगा दोमान्तास आज नावाजलेला खेळाडू आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेव्हा तो इंडियाना पेसर्सकडे होता. समोरचा संघ होता सॅक्रामेंटो किंग्ज. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनं १३२-१३१ असा एका गुणानं जिंकला. पुढं २०२२ मध्ये दोमान्तास त्याच किंग्जकडे गेला. आणि किंग्जचे प्रमुख मालक कोण? विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले आणि वाढलेले.

रणदिव्यांबद्दल मला आदर आहे, आणि तो त्यांच्या पैशासाठी नाही. अमेरिकेत संघ मालकाचा असतो, मालक तो उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. किंग्ज हा संघच रॉचेस्टरहून सिनसिनाटीला, तिथून कॅन्सस सिटीला आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटोला आलेला. २०१३ मध्ये तो सिॲटलला न्यायचा बेत झाला होता. खुद्द सिॲटलचा जुना संघ २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला होता, तेव्हा त्या शहराचं दुःखही खरंच होतं. पण सॅक्रामेंटोचे लोक हटले नाहीत, आणि रणदिव्यांच्या गटानं संघ विकत घेऊन तो तिथंच ठेवला. गावाला आपला संघ म्हणजे काय वाटतो, हे त्या भांडणात दिसलं.

आता आपल्याकडे बघ. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीच्या दुसऱ्या हंगामात, २०१५ मध्ये, चढाईतल्या गुणांत सगळ्यांच्या पुढं होता. तो खेळत होता दिल्लीकडून. सांगली जिल्ह्याचाच नितीन मदने २०१४ च्या इंचेऑन आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. स्मृती मानधना सांगलीत वाढली. ब्रिस्बेन, होबार्ट, इंग्लंडमधले संघ अशी ती खेळून आली, आणि १३ फेब्रुवारी २०२३ ला महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच लिलावात पहिलं नाव तिचं पुकारलं गेलं. बेंगळुरूनं ३ कोटी ४० लाख मोजले आणि पुढच्याच वर्षी तिच्या नेतृत्वाखाली चषक उचलला. आनंद झालाच, अजूनही होतो. पण हे सगळे खेळाडू आपल्या मातीतले आणि संघ एकही आपला नाही, ही गोष्ट मला बोचते. आपण खेळाडू पुरवतो, टाळ्या वाजवायला मात्र दुसऱ्या शहराचा झेंडा शोधावा लागतो.

तरी कबड्डीची लीग टिकली, कारण टीव्ही येण्याआधी कितीतरी वर्षं गावोगावची मंडळं संध्याकाळी मैदान आखत होती. बास्केटबॉलचं तसं झालं नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली यूबीए लीग दोन-तीन वर्षांत थांबली. खाली क्लबच नसतील तर वरची लीग मुळाशिवायच्या झाडासारखी उभी राहते.

म्हणून तुला खोटी आशा दाखवणार नाही. आपल्या देशात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलीला आजवर खरा आधार रेल्वेच्या नोकरीचा राहिला आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कप्तान झाली, ती रेल्वेकडूनच खेळते. केरळची गीतू ॲना जोस हीसुद्धा रेल्वेचीच. ती ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचणीला गेली. निवड झाली नाही, पण तिथवर पोचलेली भारतीय मुलगी म्हणून तिचं नाव तू लक्षात ठेव. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२ वा आला, आणि मुख्य लीगमध्ये एकही सामना न खेळता परतला. हेही तुला माहीत असायला हवं.

पण लहान गावातून येणं हा अडथळा आहे, असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकू नकोस. निकोला योकिच सर्बियातल्या सोम्बोरचा. तुमचं सातारा शहर त्याहून मोठं आहे. २०१४ च्या निवडीत त्याचा क्रमांक ४१ वा होता. पुढं तो तीन वेळा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ मध्ये त्यानं डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

तेव्हा बाजू घ्यायचीच तर माझं मत झालगिरिसच्या बाजूनं आहे. त्यांचे सामने बघ, विशेषतः बचाव करताना पाचही जण कसे एकमेकांना हाक देत जागा बदलतात ते. आणि शाळेचा संघ दहावीनंतर मोडू देऊ नका. तुम्ही आठ-दहा जणी आहात, एखादं नाव घ्या, संध्याकाळची वेळ ठरवा, धाकट्या मुलींना सोबत घ्या. दिवाळीच्या सुट्टीत तो संघ घेऊन सांगलीला ये. इथल्या मुलींशी सामना ठरवायचं काम माझं, आणि सगळ्यांची राहायची सोय आपल्या घरी.

तुझा,
मोठा मामा