पावती आणि देणं

नवऱ्याचं गणित सरळ आहे: आपण आधीच पैसे मोजलेत, आता बिनधास्त वापर. २०२४ च्या उन्हाळ्यात मी कराडहून इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आले ती त्याची बायको म्हणून, स्पाउस व्हिसावर. अर्ज करतानाच व्हिसाच्या फीखेरीज ३,१०५ पौंड आरोग्य अधिभार भरला होता. वर्षाला १,०३५ असा दर. व्हिसा ३३ महिन्यांचा, पण आकारणी पुरत्या तीन वर्षांची. रुपयांत सव्वातीन लाखांच्या घरात. हाच अधिभार २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हा वर्षाला २०० पौंड होता. एवढे मोजूनही एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरांकडून खिशात हात न घालता बाहेर पडताना मला अवघडल्यासारखं का व्हावं, हे त्याला कळेना. "पावती मेलवर आहे, प्रिंट काढून पर्समध्ये ठेव," म्हणाला.

पावतीनं माझं भागत नाही. माझ्या एकटीचा खर्च तेवढ्यात निघत असेलही. अधिभार वाढवताना सरकारनं तेच सांगितलं. पण मी पहिल्यांदा गेले तेव्हा दवाखाना आधीच उभा होता, नर्स शिकून तयार होती. ही आरोग्यसेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ ला. युद्धानं पोळलेल्या देशात साखर अजून रेशनवर मिळत होती, आणि त्या लोकांनी ठरवलं की आजारी माणसाकडून दारात पैसे मागायचे नाहीत. त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत. माझे ३,१०५ पौंड त्यांना पोचत नाहीत. दुसऱ्या बाजूला, 'हे बाहेरून येतात आणि आयतं खातात' म्हणणारेही इथे आहेतच. माझा नवरा आणि ते लोक एकमेकांशी हमरीतुमरीवर येतील, पण दोघांची वही एकच: कुणी किती टाकले, कुणी किती काढले.

आमच्या घरात या वहीला कधी फार मान नव्हता. आजोबा पुण्यात वार लावून शिकले. त्यांना गुरुवारचं घर आवडायचं, कारण तिथल्या काकू पान वाढण्याआधी दोन घागरी पाणी शेंदायला लावत. रविवारच्या घरी काही काम सांगत नसत, उलट आग्रह करकरून वाढत, आणि तिथं घास घशाखाली उतरत नसे म्हणायचे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत, भाकरी मागाहून. मनुस्मृती तर ज्याला दान घ्यायचा अधिकार आहे त्यालाही बजावते की घेण्याची चटक लावून घेऊ नकोस, तेज जातं. थोडक्यात, घ्यायचंच तर आधी राबा, आणि जमलं तर घेऊच नका.

माझं थायरॉइड निघालं आणि मला पहिल्यांदा या शिकवणीतली फट दिसली. अंगावर सूज, केस मूठमूठ गळतायत, दुपारी बाराला पुन्हा झोप येतेय अशा बाईला आधी पाणी शेंदायला कसं लावणार? भुकेल्या पोराला घागर उचलता येते. आजारी माणसाची तीच तर अडचण असते. दान घेऊ नको हा उपदेश दक्षिणेला चटावलेल्या धडधाकट माणसासाठी बरोबर असेल, तापानं फणफणलेल्यासाठी तो निर्दयपणा आहे.

वर इथला नियम असा की इंग्लंडमध्ये एरवी प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात, पण ज्याला थायरॉइडची गोळी कायमची लागते त्याला माफीचं प्रमाणपत्र मिळतं. आणि माफी फक्त त्या गोळीला नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सगळ्या औषधांना. उद्या कानाला मलम लागलं तरी तेही तसंच. मी फार्मसीतल्या मुलीला विचारलं, असं का? "असंच आहे," म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

शतपथ ब्राह्मणात माणसाची चार ऋणं सांगितली आहेत: देवांचं, ऋषींचं, पितरांचं आणि माणसांचं. ती जन्मतःच डोक्यावर असतात. कर्ज मागायला कुणी कुणाच्या दारात गेलेलं नसतं. मला यातली फेडीची तऱ्हा मोलाची वाटते. ऋषींना काही नेऊन द्यायचं नाही, आपण अभ्यास करायचा. माणसांचं ऋण फेडायचं ते आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन. नोकरी लागल्यावर आजोबा गुरुवारच्या काकूंकडे काही घेऊन गेले नाहीत. पण आमच्या कराडच्या घरी कायम दोन मुलं वारानं जेवायला असत. काकूंचं देणं भलत्याच पोरांच्या पानात पडलं. पावती फाडून मोकळं होण्याची सोय या हिशेबात नाही, तशीच घेताना मान खाली घालण्याची गरजही नाही.

ती मान खाली घालणं काय करतं हे मी पाहिलंय. माझ्यासारखीच व्हिसावर आलेली एक मैत्रीण लघवीची जळजळ अंगावर काढत राहिली. व्हिसाच्या अटींत सार्वजनिक निधी वापरायला मनाई आहे, हे तिनं वाचलं होतं. डॉक्टरकडे गेलो तर पुढची मुदतवाढ नाकारतील, ही भीती. खरं तर ती मनाई घरभाड्याची मदत, बालभत्ता, युनिव्हर्सल क्रेडिट असल्या गोष्टींना आहे. एनएचएसचे उपचार त्या यादीत येतच नाहीत. ती शेवटी गेली तेव्हा ताप भरून कंबर धरली होती.

पण माझा खरा कस लागला तो सासूबाई आल्यावर. त्या पाहुण्यांच्या व्हिसावर आल्या, येताना पित्ताच्या गोळ्या मोजून आणल्या आणि मुक्काम लांबला. रोज सकाळी अनशेपोटी घ्यायची ती पँटोप्राझोल संपली. ओळखीतल्या एक वहिनी म्हणाल्या, "त्यात काय, तुझंच पित्त खवळलंय म्हणून सांग. तुला तर सगळं फुकट." नवऱ्यालाही ते गैर वाटेना. मी नाही म्हटल्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घर एक, चूल एक, मग दुखणं तेवढं वेगळं कसं गं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. कारण मला इथे जे मिळतं ते तरी कशाच्या जोरावर? नात्याच्याच. मी त्याची बायको म्हणून मला प्रमाणपत्र, आणि ज्यांनी त्याला जन्म दिला त्यांच्यावर रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर खर्चाच्या दीडपट बिल. ५०० पौंडांवर थकलं तर पुढचा व्हिसाही अडू शकतो. कायद्यानं कुटुंब म्हणजे मुख्यतः नवरा-बायको आणि लहान मुलं एवढंच धरलंय. मला हा कायदा कोता वाटतो, आणि तसं मी सासूबाईंना सांगितलंही.

तरी त्या काउंटरवर खोटं बोलणं मला जमणार नव्हतं. दहा पौंडांनी एनएचएसचं दिवाळं निघणार नाही, हे मान्य. पण डॉक्टरांच्या खोलीत माझ्या तोंडाच्या शब्दाखेरीज काही पुरावा लागत नाही. मी म्हणते दुखतंय, ते मानतात. हा विश्वास सगळ्यांच्या मालकीचा आहे, तो मला सासूबाईंसाठी खर्चून टाकता येत नाही. गीतेचा तिसरा अध्याय म्हणतो की जे मिळालं ते परत चक्रात न घालता जो एकटा भोगतो तो चोर. मी तर चक्रात घालायचं सोडाच, त्याला आरपार भोक पाडलं असतं.

शिवाय सरळ वाट होती. डॉक्टरांना भेटण्याचे पैसे इथे पाहुण्यालाही पडत नाहीत, आणि सर्जरीत, म्हणजे त्यांच्या दवाखान्यात, तीन महिन्यांपर्यंत तात्पुरती नोंदणी होते. ही सेवा उभी करणारे मंत्री अ‍ॅन्यूरिन बेव्हन यांच्यावरही परक्यांना फुकट का देता म्हणून टीका झाली होती. १९५२ च्या 'इन प्लेस ऑफ फिअर' या पुस्तकात त्यांनी त्याला उत्तर दिलं: पाहुणा ओळखायचा तर प्रत्येक नागरिकाला ओळखीचा कागद जवळ बाळगत फिरावं लागेल, आणि पाहुणाही इथे दारू-तंबाखू घेतो तेव्हा कर भरतोच. सासूबाईंचा तंबाखूशी संबंध नाही, पण खाऱ्या शेंगदाण्यांवर २० टक्के व्हॅट आहे आणि त्या पाकीट एका बैठकीत संपवतात.

तर त्यांना सर्जरीत नेलं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. ९.९० पौंड म्हणजे हजार रुपयांच्या वर, हे कळल्यावर सासूबाईंनी फार्मसीतच माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. सांगलीला घरी परतेपर्यंत त्यांनी तो आकडा बऱ्याच जणांना ऐकवला.

माझ्या वाटची फेड म्हणून मी रक्त द्यायचं ठरवलं. भारतातून येऊन पुरेसे महिने झाले होते, मलेरियासाठीची जादा तपासणीही ते करतात. थायरॉइड आटोक्यात असलं तर आडकाठी नसते. बोटातून थेंब घेतला. बाईमाणसाला हिमोग्लोबिन लिटरमागे १२५ ग्रॅम लागतं, माझं भरलं नाही. तिथल्या नर्सनं चहा-बिस्किटं दिली आणि डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाली. दाखवलं. तपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, प्रमाणपत्रावर त्याही फुकट. नवरा अजून हसतोय. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.